पहिला कागद

शनिवारी लेव्ही घोड्यांची पेंड आणायला गिरणीवर गेला, की सलोमा स्वयंपाकघराचं दार आतून लावायची, डावा पाय खुर्चीवर टाकायची आणि मोजा सोडायची. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यासमोर कसली आलीय लाज! पण त्याने जखम बघितली तर तो बोलेल, आणि बोलला तर डॉक्टरचं नाव काढेल, हीच तिची धास्ती.

गेल्या ऑक्टोबरात बग्गीतून उतरताना पायरीचा पत्रा नडगीला घासला होता. लागलं ते केवढं, तर सदऱ्याच्या बटणाएवढं. गोठ्यात, शेतात असं शंभरदा खरचटलं असेल तिला. पण हे मेलं भरून यायचं नावच घेईना. वर खपली धरायची, खालून पाझरायचं, मोजा चिकटायचा. आता ऑगस्ट लागला होता.

औषध घरचंच होतं. पलीकडच्या वस्तीवरचा म्हातारा नोहा भाजल्या-कापल्यावर मधाचा मलम द्यायचा आणि वर बांधायला बर्डॉक नावाच्या रानझुडपाची रुंद पानं. त्या पानांनी सलोमाच्या डोळ्यांदेखत भाजलेली पोरं बरी झाली होती. तिचा त्यावर भरवसा होता. नोहाने एकच अट घातली होती, "दर आठवड्याला माप घे. गेल्या खेपेपेक्षा वाढली नसेल, तर पानं चालू ठेव. वाढली तर माझ्याकडे येऊ नकोस, थेट डॉक्टर गाठ." लेव्हीनेही तेवढंच वचन घेतलं होतं. त्यांच्या पंथात कुणी मोटार बाळगत नसे, पण वाढली त्या दिवशी ती निमूट भाड्याच्या मोटारीत बसेल.

माप घेणं तर सलोमाच्या हातचा मळ. उभा जन्म गोधड्यांचे तुकडे आखण्यात गेला होता. जखमेवर ती मेणकागद ठेवायची, पेन्सिलीने कड आखायची, कातरायची, आणि गेल्या शनिवारच्या कागदावर ठेवून बघायची. मग सगळे कागद बटणांच्या डब्यात.

आजही तिने आखलं. कागदावर कागद ठेवला. एका अंगाने केसभर बाहेर आल्यासारखा वाटला.

"पेन्सिलच जाड आहे," ती स्वतःशीच म्हणाली. गेल्या शनिवारीही ती हेच म्हणाली होती. पानाखालचा वासही आज जरा जास्त होता, पण उकाड्याने येत असेल वास. ऑगस्टात काय फुलांचा येणार?

बापाची आठवण नको असताना यायची. तो दोन पायांवर डॉक्टरकडे गेला आणि एका पायावर परत आला. पुढे अकरा वर्षं ओसरीवर बसून तो रिकाम्या विजारीच्या टोकाची घडी घालायचा आणि उलगडायचा. सलोमाला भीती मरणाची नव्हती, त्या घडीची होती.

एवढ्यात दारावर थाप पडली. "आई, मी आहे, एडना!"

सलोमाने घाईघाईने पान बांधलं, मोजा ओढला, दार उघडलं. मधल्या मुलाची बायको, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, कापडाचा गठ्ठा छातीशी धरून उभी. डोळे रडून लाल.

"काय झालं गं? कोणी काही बोललं?"

"चांदणी बसत नाही, आई."

धाकट्या लेकीच्या, रूथच्या लग्नाची गोधडी होती ती. मधोमध एकच मोठी चांदणी, शंकरपाळ्यासारख्या शेकडो तुकड्यांची. गुरुवारी बारा बायका टाके घालायला येणार होत्या. एडनाने जोडलेली चांदणी टेबलावर पसरली. मधेच ती फुगून वर आली, दाबली तर दुसरीकडे फुगली.

सलोमाने उरलेल्या तुकड्यांतला पहिला आणि शेवटचा एकावर एक ठेवला. शेवटचा चांगला बोटभर मोठा होता.

"कशावरून कापलंस हे?"

"नमुन्याचा पुठ्ठा इथेच राहिला होता ना. मग कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आखला. त्याच्यावरून त्याच्या पुढचा."

"अगं बाई! आणि एकदाही पहिल्याला लावून बघितलं नाहीस?"

"केसाचाच तर फरक दिसत होता."

"केसाचाच म्हणे! दर खेपेला पेन्सिलची रेघ अंगावर चढते, पोरी. शेजारच्याला लावलास तर सारखाच दिसणार. माप नेहमी पहिल्याला लावायचं, मागच्याला नाही. सहा वर्षांच्या पोरीलाही कळतं हे. तुझ्या आईने शिकवलं तरी काय तुला?"

एडनाने मान खाली घातली. खाली टेबलावर बटणांचा डबा उघडाच पडला होता. बोलणी खाल्लेलं माणूस हाताला चाळा शोधतं, तसे तिने त्यातले कागद उचलले. तळातला एक काढला, वरचा एक घेतला, एकावर एक ठेवले. आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"आई, तुमचंही असंच झालंय की! हा पहिला बघा केवढासा. आणि हा तर तळहाताएवढा. कसला नमुना हा, पानाचा?"

सलोमाने दोन्ही कागद तिच्या हातातून घेतले. डब्यात चाळीसच्या वर कागद होते. त्यातला पहिला तिने ऑक्टोबरानंतर हातात धरला नव्हता. विसरली नव्हती ती. धरवत नव्हता.

"पान नाही ते," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसून मोजा खाली ओढला, पान सोडलं.

एडनाने एप्रनच्या टोकाने तोंड दाबलं, पण मागे सरकली नाही. वाकून बघितलं. "आई, हे कधीपासून?"

"केसाकेसाने." सलोमाला हसूही आलं आणि रडूही. "रस्त्याच्या टोकाला फोनची खोली आहे ना, तिथे जा. तो इंग्लिश, आपल्या पंथाबाहेरचा ड्रायव्हर मोटार घेऊन येतो का विचार. आत्ता, म्हणावं."

"आणि चांदणी?"

"उसवू दोघी मिळून. आधी जा, धाव!"

पोर अनवाणीच पळाली. सलोमा ते दोन कागद मांडीवर घेऊन बसली. मोजा तिने वर ओढला नाही, दारही लावलं नाही.

अंगणात चाकं वाजली. लेव्हीची पेंडीची पोती एकेक करून ओसरीवर पडली, आणि दर शनिवारसारखा त्याने बाहेरूनच आवाज दिला, "काय म्हणतोय पाय?"

चाळीस शनिवार तिने "जैसे थे" म्हटलं होतं.

"आत ये," ती म्हणाली.

तो दारात आला आणि तिचा उघडा पाय बघून तिथेच थांबला. टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही. तिने दोन्ही कागद पुढे केले. "हा ऑक्टोबरचा. हा आजचा."

त्याने ते एकावर एक धरले. बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तू वचन दिलं होतंस, सलोमा."

"पाळतेय. एडना फोन करायला गेलीय." तिने त्याची बाही धरली. "तू बरोबर चल, लेव्ही. मला दोन्ही पायांवर घरी यायचंय."