उसवलेला कोट

पट्टीचा एक कोपरा सुटला होता. खांद्याच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी चिकटवलेली ती पातळ, चौकोनी, कातडीच्याच रंगाची औषधी पट्टी — तिच्यावर अंगठा दाबून आजी उभी राहिली आणि अंगठा थरथरत नाही हे तिच्या पुन्हा एकदा लक्षात आलं. कंपवाताच्या जुन्या गोळीचा असर हल्ली जेवण उरकेपर्यंतही टिकेनासा झाला होता; घास उचललेला हात वाटेतच थांबायचा, कुणीतरी मनगट धरून ठेवल्यासारखा. मग डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला ही पट्टी दिली. "मेंदूतला एक रस आटलाय, आजी. हे औषध म्हणजे तो रस नव्हे, पण त्याचं सोंग छान वठवतं." सोंग तर सोंग. सुईत दोरा एका फटक्यात गेला त्या दिवशी तिनं मुलाला हाक मारून दाखवलं होतं, आणि तो, एवढा मोठा बाप्या, रडला होता.

जन्मभर शिवणकाम केलेली बाई. हात परत आले म्हटल्यावर मशीनवरचं फडकं निघणारच, त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. शेजारीण तर पँटींचा गठ्ठाच घेऊन आली — "आता काय, तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उरणार!" सगळे हसले. फक्त ती शिवत कमी होती, उसवत जास्त होती. उशांचे अभ्रे, पडद्यांच्या दुमडी, मुलाच्या बॅगेचा पट्टा... ब्लेडचं टोक टाक्याखाली सरकवायचं, हलकेच उचलायचं, दोरा तुटतानाचा तो बारीक आवाज — आणि पुढचा टाका. पुढचा. चहा निवून जायचा. टीप वाकडी आहे म्हणून उसवते, असं ती सांगायची, आणि टीप असायचीही वाकडी. शोधली तर कुठली नसते?

मग सुनेचा कोट. नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला, नवाकोरा. "आई, बाह्या तेवढ्या बोटभर आखूड कराल?" एवढंच म्हणाली होती ती. सकाळी खोलीत आली तेव्हा पलंगावर सगळा कोट सुटा मांडलेला होता — पाठ, बाह्या, कॉलर, अस्तर — एकेक भाग सुरकुती न पाडता. मी मांडला होता. मीच. आणि मला — हे कुणाला कसं सांगू — तो शिवलेल्या कोटापेक्षा देखणा दिसत होता. सून कपाटाकडे वळली. जुना स्वेटर चढवून गेली. मुलाखतीचं काय झालं, ते घरात कुणी विचारलं नाही.

आता दवाखान्यात तिघं ओळीनं बसली होती. डॉक्टरांनी तिला बोटांची उघडझाप करायला लावली, चालवून पाहिलं, खूश झाले.

"आणखी एक विचारतो. काही नवी ओढ? एखादी गोष्ट करत सुटावंसं वाटतं, आवरत नाही, असं? कुणाला खरेदीचं होतं, कुणाला जुगाराचं. तसं असेल तर औषध कमी करावं लागेल."

"छे हो!" मुलगा म्हणाला. "आईला कसला आलाय जुगार? दिवसभर शिवणात असते. अगदी पूर्वीसारखी."

"पूर्वीसारखी?" डॉक्टरांनी सुनेकडे पाहिलं.

सुनेनं सासूकडे मान वळवली. "ते आईच सांगतील."

औषध कमी झालं की पुढे काय, हे तिला पाठ होतं — ताटावर अडलेला हात, नुसतं कुशीवर वळायला मुलाला मारलेली हाक. नाही म्हणून मान हलवली की सुटली. पण डॉक्टरांच्या शर्टाला खांद्यावर बारीकसा झोल होता आणि नजर तिथून हटेना... हा डोळा तरी आपला, आयुष्यभर कमावलेला. पूर्वी असा झोल दिसला की तिला हसू यायचं — शिंपीबुवांना घाई झालेली दिसते — आणि ती पुढचं बोलायला लागायची. आता हसू येत नव्हतं. भुकेल्याच्या तोंडाला पाणी सुटावं तसं काहीसं बोटांना होत होतं, आणि बोटं मात्र मांडीवर अगदी गप्प पडून होती. हात परत देताना या औषधानं ते हसू ठेवून घेतलं की काय?

"आजी?"

तिनं तोंड उघडलं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मुलगा, सून, डॉक्टर, सगळे तिच्याकडे पाहत होते; आणि तीही, त्यांच्यातलीच एक असल्यासारखी, ही बाई आता काय सांगते ते ऐकायला थांबली.