दोन फोन आणि एक ओली भिंत

आत्याला फोन ठेवता येतो, बंद करता येत नाही.

म्हणून हे सगळं मी ऐकलं. पाहिलं काहीच नाही. जे ऐकू आलं तेवढंच सांगते.

"बाळा, गुडघ्याला लावायचं ते मलम कुठलं गं" एवढं आत्या म्हणाली आणि तिच्या दारावरची बेल वाजली. "थांब हं, कुणीतरी आलंय." फोन पालथा. आणि मी माझ्या दुकानात, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाची वाटी, समोर खुर्चीत अर्धं डोकं रंगवून झालेल्या बाई. केसांचा रंग अर्धवट टाकून कुठे जाता येत नाही. तिकडे आत्याचं अख्खं घर स्पीकरवर.

"घाबरवायचं नाहीये मला, मावशी. पण ही भिंत... हे ओल मोजायचं मशीन लावतो, ऐका हं."

पींऽऽ.

"अगंबाई!"

"ओल. आत, विटेत. दिसत नाही तीच वाईट. आज फुगवटा, उद्या पोपडे, आणि एक दिवस तुम्ही झोपलेल्या असताना..."

"नका हो सांगू!"

"नाही सांगत. पण तुमच्या जागी माझी आई असती, तर आजच इंजेक्शन मारलं असतं. भिंतीला म्हणतोय."

"आत्या!" मी ओरडले. "नाही म्हण! नाही म्हण त्याला!"

काही उपयोग नाही. माझा आवाज तिने कमी करून ठेवलाय. मी फार ओरडते म्हणून.

आणि आवाज पोचला असता तरी काय? आत्याला नाही म्हणता येत नाही. तिच्या ओट्यावर पाणी गाळायची दोन यंत्रं आहेत, कारण दोन माणसं वेगवेगळ्या दिवशी आली. यंत्रांचं सोडा. पण तिची ठेव एकच आहे. तिच्या व्याजावर ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या ऐटीत राहते. ठेव गेली की ऐट गेली, मग माझ्या आईकडे हात पसरणं आलं. त्यापेक्षा आत्या भिंतीखाली जाईल.

"भाव फक्त आजचा, मावशी. गाडी खाली उभी आहे."

"ठेव मोडावी लागेल हो."

"मोडा की! घरच पडलं तर ठेव घेऊन बसणार कुठे? मोडा सावकाश. आत्ता फक्त आगाऊचा चेक."

"बोलतो मात्र गोड हं," अर्ध्या डोक्याच्या बाई आरशातून म्हणाल्या.

कपाटाचं दार. किल्ल्या. "पेन चालतंय का बघा." आणि मग टर्रकन चेक फाडल्याचा आवाज.

आता थांबून चालणार नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर फेशियल करणाऱ्या मैत्रिणीचा फोन ओढला आणि आईला लावला.

आई आत्याच्या अगदी खालच्या मजल्यावर राहते. नणंद-भावजय. एकमेकींशिवाय करमत नाही, एकमेकींचं खपत नाही.

"आई, आत्ताच्या आत्ता वर जा. आत्याला एक भिंतवाला लुबाडतोय."

"तिने बोलावलंय का मला?"

"आई!"

"जाते गं. गॅस तरी बंद करू दे."

"फोन बंद करू नकोस. हातात धर!"

जिना. आईचा श्वास. आईची पुटपुट: "भिंत हिची, आणि गुडघे माझे." मग आई पोचली आणि काउंटरवरचे दोन्ही फोन एकच घर बोलायला लागले, एक दुसऱ्याच्या किंचित मागून.

"काय चाललंय, ताई?"

"बघा ना वहिनी, भिंत ओली निघाली माझी."

"ओली? बघू."

पींऽऽ. पींऽऽ.

"सत्तर टक्के ओल," तो म्हणाला. गंभीर. डॉक्टरसारखा.

आता आई त्याला झाडणार. मी ब्रश उगारून वाट बघत होते. आणि आई, माझी आई, जिला मी मदतीला पाठवलं होतं, ती म्हणाली:

"सत्तर? मग माझ्या भिंतीला किती असेल? खाली चला."

"अरे देवा," मैत्रीण म्हणाली.

"चला की, काकू! दोन घरं एकदम घेतली तर सवलत बसते. मावशी, तुम्हीपण या. चेक राहू दे टेबलावर."

वरचा फोन रिकामा झाला. खालच्या फोनवर गर्दी.

पीं.

"तीस."

"तीसच? नीट दाबा."

"नीटच दाबलंय, काकू."

"राहू द्या, वहिनी," आत्या. "तुमच्याकडे ओल टिकायची नाही. तुमचं सगळंच कोरडं."

"ऐकलंस?" हे मला. "ऐकलंस काय बोलली? द्या हो ते मशीन इकडे."

"काकू, टोकं आहेत त्याला..."

पींऽऽऽ!

"नव्वद! बघा, ताई, नव्वद!"

"काकू, तो तुमचा तळहात आहे."

दुकानात आम्ही तिघी एकमेकींना धरून उभ्या. बाईंचा रंग माझ्या बाहीला.

"ताई, तुमचा हात आणा. हं, तुमचं माझ्यापेक्षा कमीच. आता ह्या भिंतवाल्याचं कपाळ."

"अहो, काय करताय..."

पींऽऽऽऽऽ!

"अगंबाई," आई म्हणाली, "हा तर पडायलाच आला."

आत्या हसली नाही. हळूच म्हणाली, "माझ्याकडे तुम्ही मोरीच्या भिंतीला लावलंत ना? मी नुकतीच अंघोळ करून आले होते."

"भिंतीचं तंत्र वेगळं असतं, मावशी. मी जरा बॅग घेऊन येतो वरून."

बूट. जिन्यात. दोन दोन पायऱ्या.

वरच्या फोनवर दार उघडल्याचा आवाज.

"आई!" मी खालच्या फोनवर किंचाळले. "चेक! तो चेक घ्यायला गेलाय!"

मग काय तो जिना! "सरका, वहिनी!" "तुम्ही सरका!" "माझी भिंत आहे!" "माझी नणंद आहे!" कठडा खडखडतोय, चपला फटफटतायत, वरच्या फोनवर बॅगेची चेन लागतेय, "पळा हो, पळा," अर्ध्या डोक्याच्या बाई वाकून दोन्ही फोनांना सांगतायत.

"चेक द्या," आत्या. धापा टाकत.

"व्यवहार ठरला की, मावशी. माणसं खाली खोळंबलीयत. पोटावर पाय देता त्यांच्या? मी तुमच्या मुलासारखा."

नेमकं दुखऱ्या जागी बोट; आत्याला मूलबाळ नाही. मी मनात म्हणत होते, म्हण, म्हण, म्हण.

"नाही," आत्या म्हणाली.

अगदी बारीक. जणू कुणा दुसऱ्याचा शब्द उसना घेतलाय.

"मावशी, नीट विचार..."

"नाही." आता जरा मोठ्याने. "नाही हो. नाही! वहिनी, येतंय की मला!"

"येतंय! म्हणा अजून!"

आत्याने हिसकला असणार; चेक फाटला. परत फाटला. बूट जिना उतरायला लागले आणि आत्या त्याच्या मागोमाग कठड्यापर्यंत गेली असणार, कारण दोन्ही फोनांतून, एकातून लांबून, एकातून जवळून, तिचा आवाज खाली खाली घुमत होता: नाही, नाही, नाही.