तीन बाटल्यांतलं खोबरेल

सासूबाईंनी तिसऱ्या बाटलीतलं चमचाभर खोबरेल थंड पाण्याच्या वाटीत सोडलं आणि मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. तेलाचा पातळ थर आधी कडेने पांढरा झाला, मग मधोमध. चाळीस. पहिल्या बाटलीतलं तेल चाळीसलाच गोठलं होतं. दुसऱ्यातलंही.

"कुठलं घ्यायचं, आई?" ओट्यापाशी वही घेऊन उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

"नेहमी कसली गं घोड्यावर बसलेली? बघू दे."

त्यांनी सवयीने बाटली उचलली, डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलती केली आणि वास घेतला. साबणाच्या कारखान्यात तेलाच्या खोलीत सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी वास घेऊन मान डोलावल्याशिवाय तिथे एक पिंप रिकामं होत नसे. कारखान्यात त्यांना नावाने कुणी ओळखतच नव्हतं. साहेबसुद्धा दारातून विचारायचे, "नाक आलं का?" सासूबाईंनाही त्याचा भारी तोरा होता, त्या काही नाकावर माशी बसू देणाऱ्यांतल्या नव्हत्या.

चार महिन्यांपूर्वी ताप आला, आठ दिवसांनी गेला आणि जाताना वास घेऊन गेला. तेल हुंगा की पाणी हुंगा, सारखंच. सासूबाईंनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ किती दिवस झाकून राहणार? मागच्या खेपेला त्यांनी नुसतं हुंगल्यासारखं केलं आणि तेलाचा डबा पास केला. तीन आठवड्यांत घरी केलेल्या मिठाच्या साबणाच्या वड्यांवर, तेल खवट असलं की उठतात तसे, नारिंगी डाग उठले. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी चाळीसच्या चाळीस वड्या परत पाठवल्या. "हवा दमट आहे हो," असं म्हणून सुनेने त्या गोणीत भरल्या. त्या दिवशी सासूबाईंना जेवण गेलं नाही. सुनेने चांगली नोकरी सोडली होती ती त्यांच्या भरवशावर. "आईंचं नाक आहे ना घरात," असं ती ज्याला त्याला सांगायची.

आता त्याच बाईंनी आणखी एक संधी म्हणून दोनशे वड्या मागितल्या होत्या. याही बिघडल्या तर त्या दुसरीकडे जाणार, आणि घरचा हा उद्योग इथेच आटोपणार. सासूबाईंनी हे पुरतं ओळखलं होतं आणि मनाशी ठरवलंही होतं. नाक गेलं, हात आहेत. सून बाहेर गेली की त्या एकट्या वाट्या मांडून बसायच्या. कुठलं तेल किती आकड्यांत गोठतं, ताजं बोटांतून कसं निसटतं, जुनं कसं चिकटून बसतं, जिभेच्या टोकावर ठेवलं तर घशात कुठे खवखवतं, सगळं त्यांनी पहिलीतल्या पोरासारखं घोकून काढलं होतं.

तेलवाल्याने तीन बाटल्या धाडल्या होत्या, एक घाण्याचं, एक गिरणीचं, आणि एक पडून राहिलेल्या मालातलं, स्वस्तात. कुठल्या बाटलीत काय ते त्याने सांगितलं नव्हतं, नुसते आकडे चिकटवले होते. नाकाची परीक्षा घ्यायची त्याची जुनी खोड. एरंडेल आणि बाकीचं तेल ठरलेलं होतं, पण मिठाच्या साबणात ते चवीपुरतंच. मीठ पडलं की इतर तेलं शेपूट घालतात, फेस म्हणून येत नाही. मिठाला पुरून उरतं ते खोबरेलच. शंभरातले ऐंशी भाग त्याचे. तेच चुकलं तर पुढे काही करून उपयोग नाही.

सासूबाईंनी तिन्ही तेलं एकेक करून अंगठा आणि बोटात चोळली. सारखी. जिभेवर ठेवून पाहिली. सारखी. आता हातही गेले की काय?

"पाणी देऊ का, आई?"

"नको. तुझ्या केसांच्या तेलाची बाटली आण."

"केसांच्या?"

"आण म्हटलं ना."

सुनेने आणली. सासूबाईंनी चौथ्या वाटीत चमचाभर सोडलं. चाळीस झाले, सत्तर झाले, दुसरं तेल मिसळलेलं ते खोबरेल गोठायचं नाव घेईना. मग त्यांनी ओट्याखालचा, मागच्या खेपेचा, तो दळभद्री डबा ओढला. बोट बुडवलं, चोळलं. बोटं एकमेकांना धरून बसली. जिभेला लावलं आणि घसा असा खवखवला की त्यांना ठसका लागला.

हात शाबूत होते.

मग तीन बाटल्यांतलं तेल चाळीसलाच कसं गोठलं? सासूबाईंनी बाटल्यांकडे पाहिलं. तिन्हींत तेल अगदी एका पातळीला होतं. मोरीपाशी नरसाळं धुऊन पालथं घातलेलं होतं. आज नरसाळं कुणाला कशाला लागलं? त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती कोऱ्या पानाकडे बघत उभी होती आणि तिच्या पेनाचं टोपण लावलेलंच होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

सुनेने वही मिटली.

"दोन महिन्यांपूर्वी दूध करपलं तेव्हापासून. तुम्ही शेगडीपाशीच होता. मी बाहेरच्या खोलीतून पळत आले."

"मला करपलेलं आवडतं, म्हटलं होतं मी."

"म्हणाला होतात."

"आणि वड्यांवरचे डाग? दमट हवा?"

"हवा दमट होतीच, आई."

सासूबाईंना लाज वाटली, मग राग आला. या पोरीने आपली लाज दोन महिने स्वतःच्या पदरात लपवून ठेवली, याने डोळे भरून आले. त्यांनी फडक्याने हात खसाखसा पुसले.

"काय ओतलंस तिन्हींत?"

"घाण्याचं असावं. वासाला मला तेच चांगलं वाटलं. म्हटलं, तुम्ही कुठलंही सांगितलंत तरी बरोबरच निघेल."

"वा! परीक्षाही तुझी आणि कॉपीही तुझीच." त्यांनी वाट्यांतलं पाणी मोरीत ओतलं. "आणि उद्या तू आजारी पडलीस तर? ताप काय मला एकटीलाच येतो? तेलवाल्याचे खरे नमुने कुठे आहेत?"

"माझ्या खोलीत. कपाटामागे. या बाटल्या घरातल्याच, आकडे मी चिकटवले."

"आण. तिकडे तोंड करून वाट्यांत ओत, आकडे मला दिसता कामा नयेत. आधी मी हात लावीन, मग तू वास घे. दोघींचं जुळलं तरच पुढे. नाही जुळलं तर तेलवाल्याला परत पाठवू, दहादा पाठवू."

सून गेली, आली. पाठमोरी उभी राहून तिने तीन वाट्या भरल्या आणि पुढे मांडल्या. सासूबाईंनी पहिलीत बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि मूठ मिटून घेतली.

"आता तू."

सुनेने वाटी नाकाला लावली.

"इतकं जवळ नको, वीतभर लांब धर. तोंड मीट. आणि मान जरा डावीकडे."

सुनेने मान कलती केली. डोळे मिटले. घरात नळाचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं.

"हे खवट आहे, आई," ती हळूच म्हणाली.

सासूबाईंनी मूठ उघडली. बोटं अंगठ्यापासून सुटायला तयार नव्हती.

"टोपण काढ," त्या म्हणाल्या, "आणि लिही."