अंगी लागेना

“पोरगी रोज अख्खं अंडं खाते हो सिस्टर, घरच्या कोंबडीचं! तुमचा काटाच बिघडलाय.”

आजी माझ्या वजनकाट्याशी भांडायला उभ्या होत्या. काटा ठणठणीत होता. त्यात बसलेलं दीड वर्षाचं पोर तेवढं ठीक नव्हतं. जन्मली तेव्हा गुबगुबीत, म्हणून नाव पडलं ढब्बू. आता नुसता हाडांचा सापळा. आई कामासाठी परगावी, म्हणून नात आजीकडे. जरा बरं वाटलं की पुन्हा जुलाब, आणि जुलाब थांबले की जेवणाकडे बघायची नाही.

“झिंकची गोळी देताय ना?”

“देते की! चमच्यात विरघळवून, थेंब सांडू देत नाही. काय समजता तुम्ही मला?”

माझं तोंड फटकळ आहे, सगळा दवाखाना सांगेल. पण या बाईवर ओरडू तरी कशी? ती खरंच सगळं करत होती. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, “एकदा घर बघून या.”

घर कसलं, कोंबड्यांचाच संसार होता तो. इवलंसं अंगण, त्यात दहाबारा कोंबड्या, आणि त्यांच्या मधोमध ढब्बू रांगत होती. हात मातीत, तोच हात तोंडात. एक तांबडी कोंबडी उंबऱ्यावर घाण करून ऐटीत घरात गेली.

“ती मास्तरीण,” आजी कौतुकानं म्हणाल्या. “माझ्या खाटेखालीच निजते. हे गेल्यापासून हिचीच तर सोबत.”

पुढचं बोलणं माझ्या जिवावर आलं. पण बोलले.

“आजी, ही घाण पोरीच्या पोटात जाते. आतड्याला आतून टॉवेलसारखी लव असते बघा. सारखी घाण जाऊन, जुलाब होऊन ती झिजते. झिजलेला टॉवेल पाणी टिपेल का? मग अंडं द्या नाहीतर गोळी द्या, झिंक अंगी लागतच नाही. होतं तेही जुलाबावाटे जातं. आणि झिंक कमी पडलं की आतडं भरून येत नाही.”

आजींनी उंबऱ्यावरच्या घाणीकडे पाहिलं. “म्हणजे मीच केलं हे?”

“तुम्ही नाही हो!”

“मग कोणी? मास्तरणीनं?”

“खुराड्यात कोंडा ना त्यांना.”

“अंगण हे एवढं. खुराडं बांधलं तर पोर कुठे ठेवू?” त्यांनी ढब्बूला उचललं आणि साबण लावून तिचे हात धुतले, मग पुन्हा धुतले. “बघते,” एवढंच म्हणाल्या.

परत येताना मला माझाच राग आला. एकट्या बाईची सोबत काढून घेणारी मी कोण?

त्यानंतर त्या दवाखान्यात फिरकल्याच नाहीत. रुसल्या असतील म्हणून मीच गेले. फाटकाशी पोचते न पोचते तोच आतून कोंबडीचं कॉक-कॉक! माझं टाळकंच सरकलं. एवढं घसाफोड करून सांगितलं, ते पालथ्या घड्यावर पाणी! तरातरा आत शिरले.

अंगण धुऊन लख्ख केलेलं, एक पीसही नव्हतं. सतरंजीवर ढब्बू. तिच्यासमोर आजी उकिडव्या बसून, दोन्ही कोपरं फडफडवत कॉक-कॉक करत होत्या. पोर खदखदून हसलं की उघड्या तोंडात पटकन चमचा.

मला बघून त्या ओशाळल्या. “दिल्या नणंदेकडे धाडून. पण आजूबाजूला कोंबड्या नाहीत म्हणून ही तोंडच उघडेना. मग काय करू?”

“दवाखान्यात का नाही आलात?”

“कुठल्या तोंडानं येऊ, बाई?”

“आणि जुलाब?”

“नाहीत.” त्यांनी पोरीचं तोंड पुसलं. “मास्तरीण तिकडे खात नाही म्हणे. कोपऱ्यात बसून असते.”

ढब्बू सतरंजीवर हात आपटायला लागली. आजींनी माझ्याकडे पाठ केली आणि पुन्हा कोपरं उचलली.