पायाचा ठोका

लक्ष्मम्माला ऐकू येत नसे. तिला हाक मारायची म्हणजे फरशीवर पाय आपटायचा. तळव्यांना धक्का कळला की ती वळून बघे. मोटारीत हे कसं जमावं? मग लेकानं, शिवलिंगानं, एक खटाटोप केला. आपल्या पायाच्या ठोक्याचा आवाज काँप्युटरवर घालून त्यानं त्याचा सूर खाली, अगदी खाली, कानाला ऐकूच येऊ नये इतका उतरवला आणि मोटारीत मागं वूफरची, म्हणजे खालच्या आवाजाच्या स्पीकरची, बंद पेटी स्वतःच्या हातानं ठोकून बसवली. पुढून बटण दाबलं की तळव्यांना धक्का कळून मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघणारी आई झटकन त्याच्याकडं वळे. दोघंही हसत.

त्या वर्षीच्या दुष्काळात सगळं उदगीर टँकरमागं धावत होतं, आणि उरलेल्या वेळात नव्या जिल्ह्याच्या मागणीच्या मोर्च्यात. शिवलिंग पाणी आणायला म्हणून गेला आणि टँकरखालीच सापडला.

माणिकप्पा, त्याचा बाप, मोटारीला जिवापाड जपू लागला. वूफर फाटू नये म्हणून त्यानं हट्टानं सबसॉनिक फिल्टर चालू करून घेतला. अगदी खालचे आवाज अडवायचे, एवढंच त्याचं काम.

"बटन दाबलं तरी आता त्याची हाकबी येईना," लक्ष्मम्मा रडे.

माणिकप्पा चिडे. गाणी तर खणखणीत वाजत होती! शेवटी पेटी बिघडली असेल म्हणून त्यानं मोटार रेवणसिद्धाच्या स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानात नेली आणि हाकेचं सगळं सांगितलं. रेवणसिद्धानं पेचकस उचलताच लक्ष्मम्मा पेटीला बिलगली.

"उघडू नको रे बाबा. आतली हवा माझ्या लेकानं कोंडलेली हाय."

रेवणसिद्धाचा हात थांबला. त्यानं फिल्टरकडं पाहिलं.

"अप्पा, हे हवा जायला भोक असलेल्या पेटीला लागतंय. बंद पेटीत कोंडलेली हवाच वूफरला आवरून धरती. तुमी हाकच अडवून बसलाव की."

माणिकप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराची वस्तू जपता जपता त्यानं बायकोचा पोरगा दुसऱ्यांदा नेला होता. फिल्टर बंद झाला. तो पुढं जाऊन बसला आणि त्यानं बटण दाबलं. त्याच्या कानांना काहीच ऐकू आलं नाही.

मागं लक्ष्मम्मा झटकन वळली. तिचा चेहरा उजळला होता, ओठांवर लेकाचं नाव आलं होतं.

मग तिला पुढच्या सीटवर नवरा दिसला.

"तुमी व्हय," ती म्हणाली.