पिसीला आत्याचा तओवाला

मी तओवाला बोलतोय. म्हणजे कमरेला गुंडाळायची चटई. चटई म्हटलं तरी मी म्हातारा बाप्या आहे, आणि तोंडाचा फटकळ. शाळेची पायरी चढलो ती लोकांच्या कमरेवर बसून, तेवढंच माझं शिक्षण. गोड बोलणं माझ्याकडून मिळायचं नाही.

माझा जन्म दक्षिणेच्या महासागरातल्या हापाईच्या बेटावरचा. केवड्याची पानं उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजत घातली, उन्हात पांढरी केली आणि पिसीला आत्याच्या आजीनं मला विणलं. बोटं सोलून निघाली बाईची. आमच्याकडे चारचौघांत कमरेला चटई नसलेला माणूस म्हणजे उघडाच. आणि चटई जितकी जुनी, जितकी झिजलेली, तितका तिचा मान. नवी काय, कुणीही आणतो. कडा झडलेली, खोबरेल पिऊन पिवळी पडलेली असली की समजायचं, मोठ्या घरची. मी तसा. लग्नांत मिरवलो, सरदारांच्या पंगतीला बसलो. मिरवायची खोड लागली ती तिथेच.

एरवी माझा मुक्काम आत्याच्या गादीखाली. ती वर घोरते, मी खाली सपाट होतो.

आत्याचा धाकटा भाऊ मोसेसे. वादळानं त्याची होडी नेली, वर छप्परही नेलं. घरावर निळी ताडपत्री. त्याची पोरगी लुपे शाळेत हुशार निघाली, राजधानीच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागाही मिळाली. पण फी कोण भरणार? ऑकलंडला जाऊन चार पैसे कमावलेल्या आमच्याच लोकांनी एक निधी काढलाय. घरची परिस्थिती नाही अशा पोरांचं पुढचं शिक्षण तो उचलतो. दर वर्षी बेटामागे एकच पोर. चर्चच्या हॉलमध्ये समिती बसते आणि मुलाखत घेते.

त्या सकाळी आत्यानं मला बाहेर काढलं.

"आत्या, माझी शाळेची चटई बरी आहे," लुपे म्हणाली.

"ती? तिच्यावर मांजर व्यालंय वाटतं! पिसीलाची भाची तसली गुंडाळून जाणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"पण आपण मागायलाच चाललोय ना?"

"मागायचं तर ताठ कमरेनं मागायचं. हात वर कर."

आमच्यात आत्याचा शब्द खाली पडत नाही. बाप एक वेळ राजाशी भांडेल, बहिणीशी नाही. मोसेसे बाहेर कंद सोलत होता, त्यानं मान वर केली नाही. लुपेनं हात वर केले. आत्यानं काथ्याच्या दोरीनं मला असं आवळलं की पोरीचा श्वास अडकला.

आणि मी? मी खूश! किती वर्षांनी बाहेर पडत होतो. पोरीचं काय व्हायचं ते माझ्या मनातही आलं नाही.

हॉलमध्ये लातू मास्तर अध्यक्ष. शेजारी ऑकलंडहून आलेली जिल नावाची गोरी बाई. ती मास्तरांच्या कानाशी लागली, "बिचारी. फाटकी चटई नेसून आलीय."

मास्तर हसले. "फाटकी? अहो बाई, हिच्या बदल्यात लोक इंजिनासकट होडी देतील. ज्या घरात ही आहे त्याला आपण काय द्यायचं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुणपत्रिका टेबलावर तशीच पडली होती. "पोरी, ही तुमच्या घरची का गं?"

एक 'नाही' पुरलं असतं. पण आत्या दाराशी बसली होती. चारचौघांत 'आमची नाही' म्हणणं म्हणजे आत्याला उघडं पाडणं. लुपेनं वळून पाहिलं.

आत्यानं छाती काढली. "आमच्याच घरची. माझ्या आजीनं विणलेली."

"मग प्रश्नच मिटला," मास्तर म्हणाले.

निधी दुसऱ्या एका पोराला गेला. त्यालाही गरज होती, त्याच्याशी माझं भांडण नाही. कॉलेजातली त्या वर्षाची जागा गेली. लुपे भोपळ्यांच्या गोदामात लागली. भोपळे जपानला जातात, ते पेट्यांत भरायचे.

आत्याचं घोरणं बंद झालं. ती वर नुसती कूस बदलायची. मला वजन कळतं, त्यात झोप नव्हती.

एका दुपारी तिनं मला काखेत मारलं, गळ्यात माफी मागताना घालतात ती इफीच्या पानांची माळ घातली आणि भावाच्या दारात मातीत बसली, मान खाली घालून. गुन्हेगार सरदारापुढे असा बसतो. आत्या भाचीपुढे बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"ताई, ऊठ! लोक बघतायत!" मोसेसे रडकुंडीला आला.

"बघू देत. हॉलमध्येही बघतच होते की."

लुपे कामावरून आली, हात मातीनं भरलेले. "ऊठ आत्या. गुडघे धरतील."

"गुडघे गेले खड्ड्यात. शिव्या दे मला."

लुपे तिच्यासमोर टेकली. मग म्हणाली, "हॉलमध्ये मी घाबरले नव्हते, आत्या. मला तुझी लाज राखायची होती."

शिव्या परवडल्या असत्या. आत्या अशी रडली की माझी एक कड भिजली.

तिथून ती तडक लातू मास्तरांकडे गेली आणि मला त्यांच्या मांडीवर आपटलं. "हा ठेवा. मुलाखतीला येईल त्या प्रत्येक पोराला हाच बांधा. मग कमरेकडे बघून घर कळणार नाही. तोंडानं विचारावं लागेल."

मास्तर खाली बघत म्हणाले, "पोरीकडे बघायला मीही विसरलोच, पिसीलाबाई."

आता मी हॉलच्या कपाटात असतो. वर्षानं काल पुन्हा मुलाखती झाल्या. एका पोराची कमर सोडून दुसऱ्याची धरत होतो. कुणी घामेजलेलं, कुणी थरथरणारं. शेवटी लुपे आली. दोरी तिनं स्वतः बांधली, सैलसर. मास्तरांनी घराचं विचारलं. तिनं ताडपत्रीचं सांगितलं, होडीचं सांगितलं, आवाज न चोरता. दाराशी बसलेल्या आत्यानं हूं का चूं केलं नाही.

तिला निधी मिळेलही, पण भोपळ्यांत गेलेलं वर्ष परत येत नाही. ते माझ्या मिरवण्यात गेलं. हे ओझं गादीखालच्या ओझ्यापेक्षा जड आहे, बाबांनो. दारात कुणी मागायला आलं तर त्याच्या कपड्यांना विचारू नका, त्याला विचारा. कपडे मुके असतात, आणि माझ्यासारखे मतलबीही.

निकाल रविवारी प्रार्थनेनंतर सांगणार आहेत. कपाटाचं दार जाड आहे. कुणीतरी जरा मोठ्यानं ओरडा.