उंदरांचं पाप

आम्ही जैन. माझे सासरे रायगोंडा पाटील, आमचे आप्पा, म्हणजे मुंगी चुकवून पाय टाकणारा माणूस. दिवस मावळला की जेवण बंद, पाणी गाळल्याशिवाय घोट नाही. तासगावला आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. शेड म्हटलं की उंदीर आलेच, आणि उंदीर म्हटलं की औषध आलं. ते आप्पा घालत नाहीत, गडी घालतो. त्या दिवशी आप्पा शेडकडे फिरकतही नाहीत. गड्याच्या हातून झालं की पाप आपल्याला लागत नाही, हा आमच्या घरचा धर्म! सून म्हणून मी तोंड शिवून राहिले.

माझी ब्राह्मी पाच वर्षांची असताना तिच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. सांगलीत ऑपरेशन ठरलं. डॉक्टर पल्लवी म्हणाल्या, "गाठीचा ताजा तुकडा द्याल का? तो उंदरांच्या अंगात रुजवतात, वाढवतात आणि कोणतं औषध त्याला मारतं ते बघतात. लहान मुलांच्या कॅन्सरचे पेशंट थोडे, म्हणून औषधं शोधायला हे लागतं. ब्राह्मीला उपयोग होईलच, असं मात्र मी म्हणणार नाही."

माझे यजमान जिनेश सहीसाठी पेन काढत होते, तोच आप्पा आडवे आले.

"मुक्या जिवास्नी रोग लावायचा आन् मग मारायचं? माझ्या नातीच्या नावावर? न्हाई! तिला बरं वाटावं म्हणून म्या मुनीमहाराजांपुढं नियम घेतलाय. तिच्यापायी मुंगीबी मरू देणार न्हाई."

"आवं आप्पा, आन् आपल्या शेडात उंदीर मरत्यात ते?" मी न राहवून विचारलं.

"ते गडी करतोय," आप्पा शांतपणे म्हणाले.

जिनेशनी पेन खिशात ठेवलं. बापापुढे त्यांची जीभ कधी उचललीच नाही. गाठ औषधाच्या पाण्यात बुडवून तपासणीला गेली. त्या पाण्यात ती मरते, मग रुजवायला काही उरत नाही.

वर्ष सरायच्या आत गाठ परत आली, पुन्हा ऑपरेशन ठरलं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही, तुकडा द्यायच्या कागदावर सही ठोकून मोकळी झाले. आप्पांनी माझ्या हातचं जेवण सोडलं. खुशाल सोडा, म्हटलं. पण उंदरातसुद्धा गाठ रुजायला महिने लागतात, आणि माझ्या लेकीकडे तेवढे महिने नव्हते.

ब्राह्मी गेली. सांत्वनाला आलेली भावकी माझ्यादेखत कुजबुजली, "उंदरांचे तळतळाट लागले." लेकीला खाल्लं गाठीनं आणि दोष माझ्या सहीला! एकेकीला हाताला धरून बाहेर काढावं असं वाटत होतं.

परवा पल्लवीबाईंचा फोन आला. गाठ उंदरांत चांगली वाढली, म्हणाल्या. चांगली! फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मग त्या म्हणाल्या, "एका औषधानं ती आटली. औषध नवं नाही, दुसऱ्या आजारासाठी आधीपासून वापरतात. पुढच्या मुलांसाठी आता यावर काम करता येईल."

"पहिल्या ऑपरेशनलाच तुकडा दिला असता तर?"

बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही, ताई. उंदरात जमलेलं मुलांत जमतंच असं नाही. खरंच सांगता येत नाही."

फोन ठेवला तर सोप्यात आप्पा उभे. किती तरी महिन्यांनी माझ्याशी बोलले.

"काय म्हनत्यात डॉक्टरीणबाई?"

मी औषधाचं सांगितलं. आप्पा खांबाजवळ खाली बसले. नातीवर त्यांचाही जीव होता, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त संताप येतो.

"पयल्या बारीला दिला असता तुकडा," त्यांनी विचारलं, "तर वाचली असती व्हय गं पोर?"

बाईंचे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"व्हय, आप्पा. वाचली असती."